पाणी फार स्वच्छ झालं आणि शेवाळ उपाशी मेलं

पहाटे साडेपाचला सासूबाईंनी हाक मारून उठवलं. "गो, ऊठ, टाकीचां पाणी हिरवां झालां!" आई वेंगुर्ल्याच्या, पाण्याचा रंग बदललेला त्यांना आधी दिसतो. मी बाहेरच्या खोलीत आले तर माशांच्या खाऱ्या पाण्याच्या तीन फुटी टाकीत मागची काचसुद्धा दिसत नव्हती. ताकात हिरवा रंग कालवावा तसं पाणी, आणि दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते.

आदल्या रात्री मी टाकीतल्या कॉलर्पा या समुद्री शेवाळाची पानं पाहिली होती. त्यांच्यावर पांढुरकी जाळी उमटली होती, मधेमधे बारीक टोकं फुटली होती. उद्या बघू म्हणून दिवा बंद केला. त्या एका रात्रीची हळहळ मला अजून आहे.

कॉलर्पाची गोष्ट विलक्षण आहे. आडवं पसरणारं खोड, खाली मुळांसारखे धागे, वर पिसासारखी पानं, आणि हे सगळं मिळून एकच पेशी. आत एकही भिंत नाही. त्यामुळे त्याची पुनरुत्पादनाची वेळ आली की एखादी फांदी फुलोऱ्यावर येत नाही, आतला सगळा ऐवज बीजपेशींमध्ये बदलतो आणि उजाडताना पाण्यात सोडला जातो. मागे उरते ती पारदर्शक, पांढरी साल. ती कुजायला लागली की पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो.

ड्रममध्ये चाळीस लिटर खारं पाणी तयार होतं म्हणून निभावलं. ते बदललं, हवेचे बुडबुडे सोडणारे दोन दगड टाकले, पाणी शुद्ध करणाऱ्या कार्बनची पिशवी सोडली, मेलेली साल हाताने वेचून काढली. मासे वाचले. दोन क्लीनर कोळंब्यांपैकी एक गेली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, त्यामुळे टाकीचीही वही ठेवते. त्या दिवशी कामावरून आल्यावर मागची पानं चाळली. तीन आठवडे नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. शून्य आलं की मी त्याभोवती गोल काढायचे, इतका त्याचा अभिमान होता. फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांची पिशवी संपमध्ये, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीत, कायम लटकलेली, फेसातून घाण काढणारा स्किमर रात्रंदिवस चालू, माशांना चिमूटभर खाणं. वर दोन महिन्यांत कॉलर्पाची छाटणी एकदाही नाही. म्हणजे झाड वाढत होतं आणि त्याच्या ताटातलं नायट्रेट-फॉस्फेट मी काढून घेत होते. हे असं का होतं त्याची कारणं बरीच सांगतात: प्रकाश अचानक बदलणं, तापमान, वय, उपासमार. माझ्या टाकीत दिवा आणि तापमान महिनाभर एकसारखे होते. माझा संशय उपासमारीवर आहे आणि तो मी आजही सोडलेला नाही.

त्याआधीच्या डिसेंबरात अमावास्येच्या ओहोटीला आईंना घेऊन वांद्र्याच्या बॅंडस्टँडला गेले होते. पाणी खूप मागे गेलं होतं, आई त्याला सुकती म्हणतात. खडकांवर उल्व्हा हे समुद्री शेवाळ पसरलं होतं, जेमतेम दोन पेशींच्या जाडीची, ओल्या मलमलीसारखी हिरवी पानं. आणि सगळ्यात दाट कुठे, तर जिथे वरून सांडपाण्याचा ओघळ उतरत होता तिथे. तेव्हा मी नाक दाबून पुढे गेले. वही मिटताना तो खडक आठवला: सांडपाण्यातून त्या शेवाळाला तेच खाणं मिळत होतं.

आता माझ्या टाकीत नायट्रेट पाच ते दहा पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असतं. नायट्रेट शून्याकडे जायला लागलं तर पोटॅशियम नायट्रेट घालते. द्राक्षबागायतदार ज्या खताला १३-०-४५ म्हणतात तेच रसायन, मी शुद्ध प्रतीचं वापरते. हिशेब सोपा आहे: त्यात वजनाने साधारण ६१ टक्के नायट्रेट असतं, माझ्या टाकीत पाणी १५० लिटर, म्हणजे एक पीपीएम वाढवायला पाव ग्रॅम. एका दिवशी एवढंच, मग दुसऱ्या दिवशी मोजायचं. पहिल्यांदा ते पाण्यात सोडताना हात अडला होता, कारण खाऱ्या पाण्याच्या छंदात आपण नायट्रेटला शत्रू मानायलाच शिकतो.

शून्य दिसलं म्हणजे पाण्यात काही आलंच नाही असंही नाही. आलेलं सगळं शेवाळाने लगेच उचललं तरी किट शून्यच दाखवतं. तेव्हा आकड्याबरोबर झाडही बघावं. रंग फिका, वाढ थांबलेली, तंतू हाताला मऊ लागून तुटतायत, तर ते उपाशी आहे. जुना भाग हिरवा आणि नवी टोकंच पिवळट असतील तर मला आधी लोहाची शंका येते. लोह मी आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं घालते. अल्कलिनिटीकडेही, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या ताकदीकडेही, लक्ष हवं. अंगात चुना भरणारं शेवाळ जोरात वाढलं की ती उतरते. माझ्याकडे पंधरा दिवसांत आठ डीकेएचवरून (हे तिचं एकक) साडेसहावर आली होती.

कॉलर्पा मी पुन्हा आणलं नाही. संपमध्ये आता किटोमॉर्फा हे शेवाळ आहे, या छंदातले आम्ही सगळे त्याला किटोच म्हणतो. भांडी घासायच्या हिरव्या काथ्यासारखा गुंता, कशालाही न चिकटणारा. त्याला पाण्याने सतत लोळवत ठेवावं लागतं, नाहीतर वरचा थर हिरवा आणि पोटात अंधार होऊन आतलं कुजतं. त्याचा दिवा रात्री दहाला लागतो आणि सकाळी आठला बंद होतो, वरच्या टाकीच्या बरोबर उलट. दिव्यात शेवाळ कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यामुळे रात्री पीएच फार घसरत नाही.

वरच्या टाकीत लाल ग्रॅसिलेरिया आणि थोडी हॅलिमेडा ही शेवाळं आहेत. हॅलिमेडा आपल्या अंगात चुना भरते, म्हणून कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास ठेवते. प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे. "कोरल का नाही ठेवत?" असं पाहुणे विचारतात, त्यांना मी हे सांगते आणि मग ग्रॅसिलेरियासमोर उभं करते.

मुंबईत खरी लढाई उन्हाळ्याची. मे महिन्यात दुपारी टाकी ३१ अंशांवर जाते, आणि मला ती २७ च्या आत हवी असते. पाणी थंड करणारा चिलर घ्यायचे पैसे जमेपर्यंत दोन वर्षं टेबलफॅनवर काढली. पाण्यावरून वारा गेला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण जुलैच्या दमट हवेत तो निम्माही उपयोगी पडत नाही. पंख्यामुळे रोज तीन लिटर पाणी उडायचं. मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, आणि घनता १.०२५ वरून हलू द्यायची नाही.

दर दुसऱ्या रविवारी किटो बाहेर काढते. टाकीच्याच पाण्याच्या बादलीत झटकते, नळाच्या गोड्या पाण्यात नाही. अडकलेला गाळ आणि केसाळ शेवाळ वेचते आणि एक तृतीयांश तोडून टाकते. नायट्रेट टाकीबाहेर जातं ते या तोडलेल्या गठ्ठ्यातून. नुसतं वाढू दिलं तर जे खाल्लं ते कधीतरी पाण्यातच परत येणार.

तोडलेलं मी खाडीत, नाल्यात किंवा समुद्रावर कधीच टाकत नाही, आणि हे माझ्याकडून शेवाळ नेणाऱ्या प्रत्येकाला कबूल करायला लावते. मत्स्यालयांत वाढवलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याशी समुद्रात सापडलं, आणि मग भूमध्य समुद्राच्या तळावर मैलोन् मैल पसरलं. त्याचा इवलासा तुकडाही जगतो.

म्हणून आमच्या गॅलरीत जुन्या सुपात किटो वाळत असतं. ते खारवलेलं आहे, कढीपत्त्याला घालू नका, असं मी आईंना सांगून ठेवलंय. वाळलं की कागदात गुंडाळून कचऱ्यात. गेल्या रविवारी ओला गठ्ठा १९० ग्रॅम भरला. आईंनी वजनकाट्यावर वाकून पाहिलं आणि आकडा वहीत त्यांनीच लिहिला.