सप्तमातला शनी

महाराष्ट्रात काढल्या जाणाऱ्या जन्मकुंडलीच्या चौकटीत वरचे मधले घर लग्नाचे, म्हणजे उगवत्या राशीचे असते आणि त्याच्या बरोबर समोर, तळाशी, विवाहाचे मानले जाणारे सातवे घर येते. त्या घरात ‘श’ एवढे एक अक्षर दिसले, की वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरतात आणि पुढचे वाक्य ठरलेले असते : विवाहाला विलंब, आणि जोडीदार वयाने बराच मोठा. मंगळाचे निदान काही नियम तरी लोकांना पाठ असतात. पहिले, चौथे, सातवे, आठवे आणि बारावे ही यादी स्थळे पाहणाऱ्या कोणत्याही काकू एका दमात म्हणून दाखवतात, आणि वधूवर सूचक मंडळांच्या अर्जांत रास, नक्षत्र, चरण, नाड, गण यांच्या रांगेत मंगळाला स्वतंत्र रकाना दिलेला असतो. शनीला रकाना नसतो. तो तोंडी येतो. पत्रिका परत करताना, ‘बाकी सगळं छान आहे हो, पण…’ या वाक्याच्या शेपटाला धरून येतो. रकान्यातल्या मंगळाला ‘सौम्य’, ‘निर्दोष’ असली उत्तरे देता येतात. तोंडी आलेल्या शनीला उत्तर द्यायला जागाच नसते.

फळाचा विचार करण्याआधी ही ग्रहस्थिती म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास, आणि सप्तम म्हणजे त्याच वेळी पश्चिमेला मावळत असलेली रास. सप्तमात शनी आहे याचा सरळ अर्थ इतकाच, की मूल जन्मले तेव्हा शनी मावळतीला आलेला होता. राशीतून राशीत जायला त्याला सुमारे अडीच वर्षे लागतात हे खरे. पण पृथ्वीच्या रोजच्या फेऱ्यामुळे तो दर दिवशी बाराही घरांतून फिरतो आणि प्रत्येक घरात सरासरी दोन तास काढतो. म्हणजे आज, उद्या आणि परवाही, त्या दोन तासांत गावातल्या प्रसूतिगृहांत जी बाळे जन्मतील, ती सगळी सप्तमात शनी घेऊनच येतील. ढोबळ मानाने दर बारा माणसांत एक. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला साठ सभासद जमले, तर त्यांतले पाचेक जण सप्तमातल्या शनीचे धनी असायला हवेत. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची लग्ने वेळेवर होऊन ते आता आपापल्या जोडीदारांसह पार्किंगच्या प्रश्नावर भांडत असतात.

शास्त्राने या शनीविषयी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र पत्रिका परत करताना कोणीच सांगत नाही. ग्रहांच्या बळांचा हिशेब करताना दिग्बल म्हणून एक प्रकार पाहतात. बुध आणि गुरू लग्नात, चंद्र आणि शुक्र चतुर्थात, रवी आणि मंगळ दशमात, आणि शनी सप्तमात बलवान होतो. शनी पश्चिम दिशेचा स्वामी मानलेला आहे आणि सप्तम ही कुंडलीतली पश्चिम दिशा. तेव्हा तो तिथे आपल्या दिशेला बसलेला असतो. ज्या घरात त्याची सर्वांत जास्त धास्ती घेतली जाते, नेमक्या त्याच घरात शास्त्र त्याला पूर्ण दिग्बल देते. यावर कोणी म्हणेल, की पापग्रहाला, म्हणजे अशुभ मानलेल्या ग्रहाला, बळ मिळाले तर तो अधिकच पीडा देईल. कोणी म्हणेल, की बळ मिळालेला शनी स्थैर्य, सबुरी आणि दिलेल्या शब्दाला जागणे हे आपले गुण संसाराला देईल. दोन्ही मते फलादेशात आढळतात, आणि यांतले कोणते आधी आठवते यावरून पत्रिकेपेक्षा पत्रिका पाहणाऱ्याच्या स्वभावाचीच ओळख अधिक पटते, असे मला वाटत आले आहे.

माझ्या आजोळी, वाईला, एक वृद्ध ज्योतिषी होते. सुट्टीत त्यांच्या ओसरीवर बसून मी हा व्यवहार पुष्कळदा पाहिला आहे. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले टिपण समोर आले, की ते चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ नेत. एकदा एक बाई मुलीची पत्रिका घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “गुरुजी, हिच्या सप्तमात शनी आहे म्हणतात.” गुरुजींनी कागद पाटावर ठेवला, सातव्या घरावर अंगठा टेकवला आणि ते म्हणाले, “तो मी झाकलाय, वहिनी. आधी बाकीचं घरदार बघू द्या.” मग बोरूने नव्हे, साध्या पेन्सिलीच्या टोकाने एकेक घर मोजत ते लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) कुठे आहे, सप्तमेश (सातव्या घराचा स्वामी) कुठे आहे, शुक्राची काय अवस्था आहे, चंद्र कोणाच्या संगतीत आहे, हे स्वतःशीच पुटपुटत राहिले. अंगठा बराच वेळ जागचा हलला नाही. त्या बाईंची चुळबुळ पाहून मला तेव्हा हसू येत असे. पण ग्रहाचे फळ सांगताना तो ग्रह सर्वांत शेवटी पाहायचा, ही शिस्त त्या ओसरीवर मला प्रथम दिसली.

कारण ‘सप्तमात शनी’ हे अर्धेच विधान आहे. लग्न कोणते, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. मेष लग्नाला सप्तमात तूळ रास येते आणि तुळेत शनी उच्चीचा, म्हणजे सर्वांत बलवान, असतो. शिवाय तो केंद्रात (पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या घरात) असल्यामुळे पंचमहापुरुष या पाच शुभ योगांपैकी शश नावाचा योग होतो. तुळेत शनी असताना, म्हणजे उदाहरणार्थ २०१३ साली, मेष लग्नावर जन्मलेल्या मुलांचा शनी असा आहे. कर्क आणि सिंह या लग्नांची गोष्ट आणखी मौजेची आहे. त्यांच्या सप्तमात अनुक्रमे मकर आणि कुंभ येतात, आणि या दोन्ही राशींचा स्वामी शनीच. म्हणजे या माणसांचे सप्तमस्थान शनीच्याच नावावर असते, मग तो कुठेही बसलेला असो. त्यांच्या सप्तमात शनी आला तर मालक आपल्या घरी राहायला आला असे म्हणावे लागते, आणि शश योग इथेही होतो. ज्यांना या शनीचे भय घालायचे असते ते मग कर्क लग्नाला तोच अष्टमेश आणि सिंह लग्नाला षष्ठेश, म्हणजे अशुभ घरांचा स्वामीही होतो हे दाखवतात, आणि तेही खोटे नसते. उलट तूळ लग्नाला सप्तमात मेष रास येते आणि शनी नीचीचा, म्हणजे सर्वांत दुर्बळ, होतो. पण तूळ लग्नाला चौथ्या आणि पाचव्या घरांचा स्वामी म्हणून तोच शनी योगकारक, म्हणजे सर्वांत उपकारक ग्रह ठरतो. आपला सर्वांत मोठा हितकर्ता नीच राशीत, आणि तरीही दिग्बली. मंगळ केंद्रात असेल तर नीचभंगाचाही, म्हणजे नीचपणाचा दोष रद्द होण्याचाही, विचार करावा लागतो. या माणसाला एका वाक्यात काय सांगावे?

त्यापुढे दृष्टींचा हिशेब. सप्तमातला शनी तिसऱ्या दृष्टीने नवम, सातव्या दृष्टीने लग्न आणि दहाव्या दृष्टीने चतुर्थ स्थान पाहतो. लग्नावरच्या त्या नजरेमुळे माणूस लहानपणीच पोक्त वाटतो असे म्हणतात. पण त्याच्याकडे कोण पाहते, हे अधिक महत्त्वाचे. गुरू लग्नात, तृतीयात किंवा लाभस्थानात (अकराव्या घरात) असेल तर त्याची दृष्टी सप्तमावर पडते, आणि मग शनीच्या रुक्षपणाला ओल मिळते, असे जुने जाणकार सांगतात. वक्री, म्हणजे उलटा सरकताना दिसणाऱ्या, शनीचा बाऊ मला कधीच पटला नाही, कारण शनी दर वर्षी सुमारे साडेचार महिने वक्री असतो आणि तेवढ्या काळात जन्मलेल्या सगळ्यांना तो तसाच मिळतो. दशेचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. विंशोत्तरीत, म्हणजे आयुष्याचे कालखंड ग्रहांना वाटून देणाऱ्या पद्धतीत, शनीची महादशा एकोणीस वर्षांची असते. ती जर साठीनंतर येणार असेल, तर पंचविशीत स्थळे पाहताना तिच्या नावाने झोप घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

मंगळाशी या शनीचे असलेले नाते तर कोणत्याही व्यवहारी माणसाला आवडेल असे आहे. कडक मंगळाच्या मुलीसाठी मंगळाचाच मुलगा हवा, ही समजूत सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच पाच घरांपैकी कुठे मुलाच्या पत्रिकेत शनी किंवा दुसरा पापग्रह असला तरी मंगळाचा परिहार होतो, असाही एक नियम आहे. त्यामुळे ज्या सप्तमातल्या शनीमुळे एका घरातून पत्रिका परत येते, त्याच शनीसाठी दुसऱ्या घरातून निरोप येतो. माझ्या एका मामेभावाचे लग्न असेच, शनीमुळे अडता अडता शनीमुळेच जमले, आणि दोन्ही बाजूंच्या ज्योतिष्यांनी त्याचे श्रेय घेतले.

आता विलंबाविषयी. शनी मंदगती आहे, म्हणून तो ज्या घरात बसतो तिथल्या गोष्टींना उशीर करतो, हा या फळामागचा साधा तर्क आहे. पण कशाच्या तुलनेत उशीर? फलादेश देश, काल आणि पात्र पाहून सांगावा, असे शास्त्रच बजावते. ज्या काळात मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होत असे, त्या काळात सोळाव्या वर्षी झालेले लग्न हा शनीचा प्रताप मानला गेला असणार. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा केले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा आणि एकवीस झाले. आज पुण्या-मुंबईत शिक्षण, नोकरी आणि घराचे हप्ते यांतून वाट काढत तिशीत लग्न करणारी मुले पाहिली, की शनीचे फळ सगळ्यांनाच मिळू लागल्याचा भास होतो. शनीला राशिचक्राची एक फेरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, आणि हल्लीची लग्ने जवळपास त्याच वयात होतात; यातून एखादा सिद्धांत काढण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याने तो आवरलेला बरा.

शनी खरोखर सप्तमातच आहे का, हाही प्रश्न महाराष्ट्रात तरी गैरलागू नाही. आपल्याकडे बहुतेक पंचांगे चित्रापक्षाची, म्हणजे राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवणारी आहेत. टिळक पंचांग रेवतीपक्षाचे, म्हणजे तो रेवतीच्या ताऱ्यावरून ठरवणारे. दोघांच्या अयनांशांत (वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतच्या अंतरात) सुमारे चार अंशांचा फरक आहे. चित्रापक्षाने ज्याचे लग्न मिथुनेच्या अठ्ठाविसाव्या अंशावर आणि शनी मकरेच्या मध्यावर येतो, त्याचा शनी अष्टमात, म्हणजे आयुर्मानाच्या घरात, पडतो. टिळक पंचांगाने त्याच क्षणाचे लग्न कर्केत सरकते, शनी मकरेतच राहतो आणि अष्टमातून सप्तमात येतो, तोही स्वराशीचा. आकाशात काहीही हललेले नसते. आयुष्याची चिंता सोडून विवाहाची चिंता सुरू करावी, एवढाच काय तो फरक पडतो. जन्मवेळ पाच-दहा मिनिटांनी चुकली तर नवमांश (राशीचा नववा भाग) बदलतो ते वेगळेच.

हे सगळे रस घेऊन सांगणारा माणूस या शास्त्रावर विश्वास ठेवतो का, असे मला विचारले जाते. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिष्यांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या होत्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले होते. बरोबर उत्तरे नाणे उडवून येतील त्याहून अधिक आली नाहीत. त्या निष्कर्षाशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते शास्त्राने घातलेल्या सगळ्या अटी गाळून त्यातले एकच भीतिदायक वाक्य उचलणाऱ्यांशी. मानायचेच असेल तर पुरते मानावे, अंगठा ठेवून बाकीची अकरा घरे पाहण्याइतके तरी मानावे.

सध्याचेच उदाहरण घेऊ. मार्च २०२५ च्या अखेरीपासून शनी मीनेत आहे आणि २०२७ च्या मध्यापर्यंत तिथेच असेल. म्हणजे या काळात कन्या लग्नावर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या सप्तमात शनी येणार. त्यांतली जी २०२६ च्या जूनपासून पुढच्या काही महिन्यांत जन्मतील, त्यांचा गुरू कर्केत, उच्च राशीत, लाभस्थानी असेल, आणि तो सप्तमेश असून नवव्या दृष्टीने स्वतःच्याच घराकडे, म्हणजे त्या शनीकडे पाहत असेल. पत्रिका परत करणाऱ्यांसमोर मी हा योग जरूर मांडीन. त्यावर त्यांच्यातला एखादा अभ्यासू, कन्या लग्नाला गुरूला केंद्राधिपती दोष (शुभ ग्रह केंद्राचा स्वामी झाल्याने येणारा) लागतो, हा मुद्दा काढील. आणि तसा तो काढायलाच हवा.