तुम्ही विचारलंत म्हणून: सहा ते सात फोन बंद का?

प्रश्न जसा येतो तसाच लिहिते. "बाई, सकाळी सहा ते सात तुमचा फोन बंद का असतो? नाताळच्या आठवड्यातसुद्धा?" काहींनी तो मायेनं विचारला, काहींनी चर्चच्या पंच कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर. महिला मंडळातली एक जण तर म्हणाली, "आम्ही चुलीपुढं राबायचं आणि तुम्ही देवापुढं बसायचं." प्रत्येक वेळी मी काहीतरी बोलून विषय बदलला. त्यामुळे तुमचा गैरसमज वाढला आणि माझ्या मनातली चीड पण. एकदा बसून लिहायचं ठरवलं.

कामाला मी पाठ दाखवलेली नाही, हे आधी मला सांगू द्या. शब्बाथ शाळेत मी एकवीस वर्षं शिकवलं. उपकारस्तुतीचं जेवण असो, कोणाकडे दुखवटा असो, दवाखान्यातली भेट असो, नगरच्या उन्हात स्कूटीवरून मी गेलेय. हे मोजून दाखवायची वेळ यावी याचंच मला वाईट वाटतं, पण "देवापुढं बसायचं" हे शब्द लागले, म्हणून लिहिलं.

तुमच्यातले काही जण पंडिता रमाबाईंचं नाव घेता. डोळे मिटून बसून त्यांनी केडगावला मुक्ती मिशन ही संस्था उभी केली का, असं मला विचारलं गेलंय. नाही केली. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. पण त्याच रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत, एवढा पसारा डोक्यावर असताना, रोज आपल्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल असं विचारलं आणि सत्तरेक जणी पुढे आल्या. त्या सत्तर जणींनाही दळण होतं, पाणी होतं, लहान मुली होत्या. मुक्तीत त्या दिवसांत रिकामं कोण होतं? रमाबाईंचं नाव घ्यायचं तर दोन्ही गोष्टींसाठी घ्या, एवढंच माझं म्हणणं.

पण मीसुद्धा एकेकाळी तुमच्यासारखंच बोलायचे. २००९ च्या महिला मेळाव्यात मी भाषण केलं होतं, त्याचा कागद अजून माझ्या पवित्र शास्त्रात आहे. "विसावा स्वर्गात भरपूर मिळणार आहे, बायांनो, इथं हात चालवा." टाळ्या पडल्या होत्या. तो कागद लिहिणारी बाई मूर्ख होती असं मी म्हणणार नाही. तिनं विधवा बायकांचा शिवणवर्ग सुरू केला होता, अकरा जणी त्यावर चार पैसे मिळवत होत्या. तो वर्ग आता बंद आहे. तो मीच बंद केला. ती बाई मला अधूनमधून विचारते, तू तासभर बसतेस ते ठीक, पण माझ्या अकरा जणी कुठं गेल्या? तिला मी सांगते की माझं अंग थकलं होतं, दुसरं कोणी पुढं येत नव्हतं. दोन्ही खरं आहे. तरी तिचं समाधान होत नाही, आणि माझंही.

आता जे आजवर कोणाला सांगितलं नाही ते सांगते.

२०१६ चा डिसेंबर. कॅरलच्या रात्रींची, म्हणजे नाताळची गाणी म्हणत घरोघरी जायची, यादी माझ्याकडे होती. त्या रात्री सोळा घरं. टेम्पो, पेटी, ढोलकी, वीसेक पोरं, त्यातली निम्मी सर्दीनं नाक ओढणारी. मिशन कंपाउंडामागच्या आळीत एक निवृत्त नर्स राहायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. पोटाचा कॅन्सर होता, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. या मावशींनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं की ड्युटीवर गेल्यावर वॉर्डात शिरण्याआधी त्या चादरींच्या खोलीत दोन मिनिटं उभ्या राहायच्या. "नाहीतर पेशंटला माझे हात घाईचे लागतात गं." मी ते ऐकून घेतलं होतं, बस.

पोरांनी ओट्यावर दोन गाणी म्हटली. सुनेनं करंज्यांचं ताट बाहेर आणलं. मावशींनी मला एकटीलाच आत बोलावलं. खाटेवर त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की गोधडीखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं. म्हणाल्या, "तेविसावं म्हण." मी खाटेच्या कडेला टेकले. खांद्यावरची पर्स काढली नाही. समोर भिंतीवर घड्याळ होतं, नऊला वीस कमी. आणखी नऊ घरं राहिली होती आणि टेम्पोवाला साडेदहाला जाणार होता. त्यांचा हात हातात घेतला आणि पवित्र शास्त्रातलं तेविसावं स्तोत्र सुरू केलं. पाठ आहे, लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे तोंड चालू होतं आणि मी मनात हिशेब करत होते की पुलापलीकडची तीन घरं आधी घ्यावीत की शेवटी. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. हिरवी कुरणं झाली, संथ पाणी झालं, नीतिमार्ग झाला. आणि मी थेट शत्रूंच्या देखत वाढलेल्या ताटावर गेले. शेवटपर्यंत म्हटलं.

मावशींनी डोळे उघडले. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, दरी कुठं गेली?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मृत्युच्छायेच्या दरीचं अख्खं वचन मी गाळलं होतं. जी बाई त्या दरीत उभी होती, तिच्यापुढे मी तेवढंच वचन गाळलं होतं. मी "चुकलं, मावशी" म्हटलं आणि ते वचन भराभर म्हटलं, भाजीत राहिलेलं मीठ वरून टाकावं तसं. मग छोटी प्रार्थना केली, नेहमीच्या शब्दांची. उठले. त्यांनी हात सोडला नाही. "बसतेस का थोडी?" मी म्हटलं, "नाताळ होऊ दे मावशी, मग निवांत येते." त्या म्हणाल्या, "ये."

त्या रात्री सोळाच्या सोळा घरं झाली. कमिटीनं कौतुक केलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी गेल्या.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी मलाच तेविसावं वाचायला सांगितलं. या वेळी पुस्तक उघडून वाचलं, पाठ म्हणायचं धाडस झालं नाही. आणि चाळीस वर्षं पाठ असलेल्या त्या स्तोत्रात मला पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. सुरुवातीला सगळीकडे "तो" आहे. तो मला बसवतो, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. स्तोत्र रचणाऱ्या दाविदाचं बोलणं देवाविषयी चाललंय. आणि दरी आली की एकदम "तू माझ्याबरोबर आहेस". पहिला "तू" दरीत येतो. मी मातीपाशी उभी होते आणि मला जाणवलं की कित्येक वर्षं मी देवाविषयीच बोलतेय. वर्गात, मेळाव्यात, दुखवट्याच्या घरी. "तो असं करतो, तो तसं करतो." त्याच्याशी शेवटचं कधी बोलले, यादी न देता, ते मला आठवेना. वाचताना आवाज थांबला तेव्हा लोकांना वाटलं मी मावशींसाठी रडतेय. तुमच्यातल्या काहींनी पाठीवरून हात फिरवला होता. ते रडणं फक्त मावशींसाठी नव्हतं.

फोन त्यानंतर बंद व्हायला लागला.

त्या तासात काय होतं, हाही प्रश्न असतो. मोठं काही सांगण्यासारखं बहुतेक सकाळी नसतं. देवघरासारखी वेगळी जागा नाही, मागच्या खोलीतली खुर्ची आहे. एखादा उतारा वाचते आणि मग काही मागत नाही. मागायचं ते नंतर, दिवसभर आहेच. मन गॅसच्या टाकीकडे जातं, मंडळाच्या हिशेबाकडे जातं. परत आणायचं, पुन्हा जातं. कधी झोप लागते. त्याची पूर्वी लाज वाटायची. मग एलीया संदेष्टा आठवला, रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपलेला. देवदूतानं त्याला उठवलं ते बोल लावायला नाही, भाकर खायला. क्वचित एखाद्या सकाळी खुर्चीतून उठताना असं वाटतं की कोणीतरी माझ्याकडे पुष्कळ वेळ बघत होतं आणि त्याला माझ्याकडून काही करून नको होतं. ते मी सिद्ध करू शकणार नाही. तशा सकाळी माझे हात घाईचे नसतात, हे मात्र घरचे सांगतात.

मार्था आणि मरीयेचा उतारा माझ्यावर फेकू नका, आणि मीही तो तुमच्यावर फेकणार नाही. मार्था पाहुणचारात राबते, तिची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसते आणि प्रभू मरीयेची बाजू घेतो, तोच उतारा. त्या उताऱ्यावर मी आयुष्यात किती उपदेश ऐकले असतील! मार्थेसारख्या होऊ नका, असं बायकांना सांगून झालं की सगळे चहाची वाट बघत बसतात, आणि चहा बायकाच करतात. हे मला फार टोचतं. पाच वाजता उठून पाणी भरणाऱ्या, सहाला डबे करणाऱ्या सुनेला "एक तास शांत बस" असं मी कोणत्या तोंडानं सांगू? माझी मुलं मोठी झालीत, नवरा स्वतःचा चहा करून घेतो, म्हणून मला तास मिळतो. ते मान्य आहे. पण प्रभू मार्थेला बोलला ते स्वयंपाकावरून नाही, काळजी आणि दगदग यांवरून. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला, त्यांच्या गावी, पुन्हा जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढतेच आहे. तेव्हा तिला कोणी काही बोलत नाही. मधल्या काळात तिचा भाऊ मेला होता आणि उठला होता, आणि प्रभूला सामोरी जाऊन "आपण ख्रिस्त आहात" असं तीच म्हणाली होती. वाढणं तेच, दगदग गेली असावी. मला तरी तसं वाचायला आवडतं.

आता माझ्या बाजूनं नसलेली गोष्ट. ती लपवली तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. दोन वर्षांपूर्वी मंडळीतल्या एका तरुण मुलीच्या नवऱ्याला पहाटे छातीत दुखायला लागलं. तिचं माहेर लांब. सहा वीस ते सहा पन्नास या वेळात तिनं मला सात वेळा फोन केला. नवरा वाचला, देवाची दया. पण ती मला एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही नव्हता." ती मला अजून "जय ख्रिस्त" म्हणते, थांबत मात्र नाही.

त्यानंतर मार्काचा सहावा अध्याय मी किती वेळा वाचला असेन. शिष्य सेवेवरून परत आलेत, येणारेजाणारे इतके की जेवायला सवड नाही, आणि प्रभू त्यांना म्हणतो, रानात एकांती चला, थोडा विसावा घ्या. हे वचन मी माझ्या बाजूनं किती वेळा सांगितलं! पण पुढे वाचा. लोक पायी धावत त्यांच्याआधी तिथं पोहोचतात. प्रभू मचव्यातून उतरतो, त्याला त्यांचा कळवळा येतो, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते दिसतात म्हणून, आणि विसावा तिथंच मोडतो. मग तो त्यांना हिरवळीवर बसवतो आणि भाकरी देतो. म्हणजे तेविसावं स्तोत्रच तिथं घडतं, पण कोणाचा तरी एकांत मोडून. मला वाटतं, त्या मुलीनं हेच मला ऐकवलं असतं, तिला शब्द सुचले असते तर. आणि तरीही, सगळे जेवल्यावर तो शिष्यांना मचव्यात बसवून पुढे धाडतो, लोकांना निरोप देतो आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो. मोडलेला विसावा तो सोडून देत नाही, रात्री पुन्हा गाठतो. ही दोन्ही वचनं एकाच पानावर आहेत. मी कधी एकीकडे जाते, कधी दुसरीकडे.

फोन अजून बंद असतो. शेजारच्या वहिनींचा नंबर मी त्या मुलीला आणि आणखी चार घरांना दिलाय, तातडीचं असेल तर त्या दार वाजवतील. आजवर कोणी वाजवलेलं नाही. गरज पडली नाही, की मला त्रास नको म्हणून कोणी वाजवत नाही, ते कळायला मार्ग नाही, आणि हे मला सकाळी खुर्चीत बसल्यावरसुद्धा छळतं.

परवा तरुण संघाचा मुलगा या वर्षीची कॅरलची यादी घेऊन आला. एका रात्रीला सोळा घरं. मी सात ठेवली, बाकीच्यांवर रेघ मारली. प्रत्येक घरी बसायचं, पर्स खाली ठेवायची, असं त्याला सांगितलं. त्यानं यादी पुन्हा वाचली. रेघ मारलेल्यांत त्याच्या आजीचं घर होतं.

"बाई, या नऊ घरांना काय सांगू?" असं त्यानं विचारलं. मी यादी परत मागून घेतली आहे. ती टेबलावर पडलीय.