८५३० अपडेट: फ्लॅग गायब, आणि चिपची खरी जात

८५३० ही दोन चॅनलची सीरियल चिप, मी ती आर्डुइनो मेगाने चालवतोय. मागच्या अपडेटपर्यंत तिच्या चॅनल ए वरून चॅनल बी ला एसडीएलसी फ्रेम (दोन्ही टोकांना फ्लॅग बाइट असलेलं डेटाचं पाकीट) जात होती. घोडं अडलं होतं ते शेवटच्या सीआरसी बाइटांवर, म्हणजे चुका पकडणाऱ्या तपासणी बाइटांवर. नेहमीचीच चाचणी फ्रेम, '१२३४५६७८९'. तिचा सीआरसी हेक्स ९०६ई, म्हणजे लाइनीवर आधी ६ई आणि मग ९०. ६ई यायचा, पण ९० च्या जागी भलतंच काहीतरी. चिपचं स्टेटस रजिस्टर आरआर१ (आरआर म्हणजे वाचायचं रजिस्टर, डब्ल्यूआर म्हणजे लिहायचं) मात्र दर वेळी हेक्स ८७ दाखवायचं, म्हणजे फ्रेम संपली आणि सीआरसी बरोबर!

एनमॉस, म्हणजे जुन्या बनावटीच्या ८५३० ची ही खोड जुनीच आहे. सीआरसीची शेवटची दोन बिटं फिफोत (आलेल्या बाइटांच्या रांगेत) पोचतच नाहीत. म्हणून तर तिची सीमॉस, म्हणजे सुधारित आवृत्ती ८५सी३० ऑनलाइन मागवली होती. तिच्यात डब्ल्यूआर७ प्राइम हे जादा रजिस्टर असतं. डब्ल्यूआर१५ चं डी० (सगळ्यात खालचं बिट) लावलं की ७ च्या पत्त्यावर लिहिलेलं प्राइममध्ये जातं. तिथल्या डी५ ने पूर्ण सीआरसी मिळतो, डी१ ने ईओएम लॅच (फ्रेमच्या शेवटी सीआरसी जाणार की नाही ते ठरवणारं बिट) आपोआप रीसेट होतो.

आधी फक्त ए वर डी१ लावून बघितलं. झालं, सगळंच बंद. बी हंट मोडमधून (फ्लॅग शोधण्याच्या अवस्थेतून) बाहेरच येईना, आरआर० चं डी४ एकवर चिकटलेलं. मग नेहमीची शोधाशोध. डब्ल्यूआर४ सगळ्यात आधी, हेक्स २०, बरोबर. डब्ल्यूआर११ मध्ये ५६, बीआरजीचा (चिपमधल्या बॉड रेट जनरेटरचा) क्लॉक टीआरएक्ससी पिनवर बाहेर येतोय, बरोबर. ३.६८६४ मेगाहर्ट्झवर ९६०० साठी टाइम कॉन्स्टंट १९०, तोही बरोबर. दोन अ‍ॅक्सेसमधला वेळ कमी पडतोय की काय म्हणून मेगाच्या कोडमध्ये भरपूर डिले घातले. फरक शून्य. मध्येच लाइट गेली ती वेगळीच.

शेवटी लॉजिक अ‍ॅनालायझर टीएक्सडीवर, म्हणजे डेटा बाहेर पाठवणाऱ्या पिनवर लावला. रिकाम्या लाइनीवर सलग फ्लॅग, म्हणजे हेक्स ७ई दिसायला हवेत. तिथे आठ बिटांत एकच १, बाकी सगळे ०, आणि हेच पुन्हा पुन्हा. एलएसबी (सगळ्यात खालचं बिट) आधी वाचलं तर हेक्स ०२. आणि ०२ म्हणजे मी प्राइममध्ये लिहिलेलं डी१! ते प्राइममध्ये न जाता थेट फ्लॅग ठेवणाऱ्या खऱ्या डब्ल्यूआर७ वर बसलं होतं आणि फ्लॅग पुसून गेला होता. या चिपला प्राइम नाहीच.

खात्री करणं सोपं आहे: डब्ल्यूआर१५ मध्ये ०१ लिहायचं आणि आरआर१५ वाचायचं. सीमॉस असेल तर ०१ परत येतं. माझ्याकडे ००. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर कापूस काळा झाला आणि छपाईखाली पॉलिश पेपरचे ओरखडे दिसले. छाप ८५सी३० ची, आत एनमॉस. विक्रेत्याला फोटो पाठवलेत, उत्तर येईल तेव्हा येईल. माझं मत विचाराल तर कुपवाड एमआयडीसीच्या भंगारातून काढलेली चिप बरी, ती निदान दुसऱ्याचं नाव लावत नाही.

प्राइमचा कोड काढून टाकला. आता ईओएम हाताने: आधी डब्ल्यूआर० ला ८० देऊन सीआरसी जनरेटर रीसेट, मग पहिला बाइट, लगेच सी० देऊन लॅच रीसेट, मग बाकीचे बाइट. वाचताना आधी आरआर१, मग डेटा. फ्रेम पुन्हा ८७ देऊन उतरली तेव्हा जीवात जीव आला. सीआरसीचे बाइट टाकून देतोय. निकाल आरआर१ सांगतंच.

नवीन खरी ८५सी३० शोधायची, पूर्ण सीआरसी दाखवणारा मॉनिटर करायचा, मग बायसिंक (आयबीएमचा जुना प्रोटोकॉल), असा बेत होता. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. ३.६८६४ भागिले १६ म्हणजे बरोब्बर २३०.४ किलोबिट, म्हणजे लोकलटॉकचा, अ‍ॅपलच्या जुन्या नेटवर्कचा वेग! १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये हीच ८५३० होती. डब्ल्यूआर१० मध्ये एफएम० एन्कोडिंग, क्लॉक थेट आरटीएक्ससी पिनवर, रिसीव्हला डीपीएलएल (येणाऱ्या डेटातूनच क्लॉक काढणारं सर्किट). एका बाइटला सुमारे ३५ मायक्रोसेकंद मिळतात आणि फिफो तीनच बाइटांचा, त्यामुळे मेगाला आर्डुइनोच्या संथ डिजिटलराइटची चैन परवडणार नाही, पोर्टवर थेट लिहावं लागेल. एनमॉसलाही हे जमतं, सी३० ची गरजच नाही. बायसिंक गेलं मागे.

लोकलटॉकच्या लाइनीसाठी आरएस-४२२ चे ड्रायव्हर तेवढे हवेत. मिरजेत विचारतो, नाहीतर पुण्याला तपकीर गल्लीत चक्कर. डीआयपी पॅकेजमधले कुणाकडे जास्तीचे पडले असतील तर कळवा.