वक्त्याने जाताना काम सोपवून जावे

सेवा क्लबच्या साप्ताहिक सभेत पाहुण्या वक्त्यासाठी जी वीस-पंचवीस मिनिटे राखून ठेवलेली असतात, ती त्या सभेतली सर्वांत मोलाची मिनिटे आहेत, असे माझे ठाम मत आहे. परिचय, सत्कार, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन यांत ती खर्ची पडू लागली की क्लबचे स्वयंसेवी कामही हळूहळू ठरावीक तारखांच्या ठरावीक उपक्रमांपुरते उरते, आणि नेमके कशाची गरज आहे हे सांगणारे कोणीच सभेत येत नाही.

नाशिकला व्याख्यानांची वानवा कधीच नव्हती. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. 1840 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आणि टिळकवाडीतले कुसुमाग्रज प्रतिष्ठान यांच्यामुळे चांगला वक्ता ऐकण्याची सवय या शहराला पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे क्लबने त्याच प्रकारच्या व्याख्यानाची छोटी आवृत्ती काढण्यात अर्थ नाही. आमच्या सभेत बसलेल्यांत डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, सनदी लेखापाल, द्राक्ष बागायतदार, शिक्षिका आणि मेनरोडवरचे दुकानदार असतात. त्यांच्याकडे वाहने आहेत, हत्यारे आहेत, ओळखी आहेत आणि रविवारची सकाळ देण्याची तयारी आहे. अशा श्रोत्यांसमोर येणाऱ्या वक्त्याने जाताना काम सोपवून जावे, एवढीच माझी अपेक्षा असते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे रक्तपेढीतल्या एका तंत्रज्ञ ताईंचे भाषण. त्यांनी रक्तदान हे श्रेष्ठदान वगैरे काही सांगितले नाही. त्यांनी कॅलेंडर समोर धरले. स्वातंत्र्यदिन, जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची गर्दी होते, मात्र लाल पेशी साठवणुकीच्या पद्धतीनुसार 35 ते 42 दिवसच टिकतात आणि प्लेटलेट्स तर 5 दिवसांतच वापराव्या लागतात. म्हणजे एकाच दिवशी जमलेले भरपूर रक्त पुढच्या टंचाईला उपयोगी पडेलच असे नाही. ही टंचाई येते ती एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा महाविद्यालयांना सुट्ट्या असतात आणि नेहमीचे दाते गावी गेलेले असतात. थॅलेसेमिया असलेल्या मुलांना मात्र साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्यांच्या आजाराला उन्हाळ्याची सुट्टी नसते. पुरुष 90 दिवसांनी आणि स्त्रिया 120 दिवसांनी पुन्हा रक्तदान करू शकतात, हे लक्षात घेऊन दात्यांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला वेगळा महिना द्या, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर क्लबने एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षभर विखुरलेली छोटी शिबिरे घ्यायला सुरुवात केली. छायाचित्रे फार भव्य येत नाहीत, हे खरे आहे. पण रक्तपेढीला नेमके हेच हवे होते, आणि माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

नेत्रपेढीच्या समुपदेशकांचे भाषण याहूनही छोटे होते. मृत्यूनंतर 6 तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे, पथक येईपर्यंत पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह यांमुळे नेत्रदानाला सहसा आडकाठी येत नाही. हे सगळे आमचे सदस्य आता ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये जाऊन समजावून सांगतात, कारण दुःखाच्या त्या घडीला घरातल्या एका तरी माणसाला ही माहिती आधीपासून असावी लागते.

पाण्याच्या विषयाने मात्र आम्हाला बराच काळ गुंतवून ठेवले आणि तो गुंतवण्यासारखाच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे आपल्या जिल्ह्यातल्या भरपूर पावसाच्या तालुक्यांपैकी आहेत, आणि तरीही तिथल्या कितीतरी पाड्यांवरच्या बायकांना उन्हाळ्यात हंडे घेऊन दरीत उतरावे लागते. भूजलाचा अभ्यास असलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी याचे कारण फळ्यावर आकृती काढून समजावले. वरची माती पातळ, उतार तीव्र आणि खालचा काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवणारा नाही. त्यामुळे नार-पारसारख्या पश्चिमवाहिनी नद्यांमधून पावसाचे पाणी थेट अरबी समुद्राच्या दिशेने निघून जाते. दरीतल्या एखाद्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते, पण पाडा असतो वर. म्हणून विहीर, पंप, जलवाहिनी आणि टाकी एवढी साधी योजनाही एखाद्या पाड्याचे जगणे बदलते. त्यांनी पुढे विचारलेले प्रश्न मला त्या आकृतीपेक्षाही महत्त्वाचे वाटले. वीजबिल कोण भरणार? पंप जळाला तर दुरुस्तीचे पैसे कुठून येणार? टाकीची किल्ली कोणाकडे राहणार? या प्रश्नांची उत्तरे पाड्यावरच्या बायकांनी दिल्याखेरीज एक रुपयाही खर्च करू नका, असे त्यांनी बजावले. त्यामुळे तिथे गेल्यावर आधी बैठका झाल्या, महिलांची पाणी समिती ठरली, आणि मग गावकऱ्यांच्या बरोबरीने आमचे सदस्य नळाचा चर खणायला उतरले. उन्हाने आणि वणव्याने नळ खराब होऊ नये म्हणून तो जमिनीखाली घ्यावा लागतो, आणि कातळात चर खणणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे. त्यात पाड्यावरची तरुण मुले आमच्यापेक्षा कितीतरी पुढे होती, हे आदराने नमूद करतो.

गोदावरीच्या बाबतीत एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकांनी असेच उपयोगी मार्गदर्शन केले. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नदीत लवकर विरघळत नाही. मात्र अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती घरच्या बादलीतही काही दिवसांत विरघळते, खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर राहिलेले अमोनियम सल्फेटचे पाणी पातळ करून झाडांना घालता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणलेली ही पद्धत आता अनेकांना माहीत आहे. ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत आपल्या शहरातले विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी मूर्ती दान घेतात. त्यांच्या शेजारी उभे राहताना कुटुंबाची आरती पूर्ण होऊ द्यावी, मूर्तीला नमस्कार करावा आणि मगच विनंती करावी, हेही त्या प्राध्यापिकांनी सांगितले. श्रद्धेला धक्का न लावता काम कसे करावे, याचे याहून चांगले प्रशिक्षण मी पाहिलेले नाही.

पुढच्या वर्षीच्या वक्त्यांची यादी करताना माझा आग्रह सिंहस्थासाठी आहे. 2003 च्या ऑगस्टमध्ये पंचवटीत सरदार चौकाजवळच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविकांचा मृत्यू झाला होता, आणि 2027 च्या पर्वण्यांना पुन्हा लाखो लोक याच शहरात येणार आहेत. गर्दीचे नियोजन हे प्रशासनाचे आणि पोलिसांचे काम आहे. परंतु हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब कसा द्यावा, घाबरलेल्या वृद्धेला गर्दीतून कडेला कसे न्यावे, हरवलेल्या मुलाला कुठे पोचवावे, हे पंचवटीतल्या दुकानदारांना, रिक्षाचालकांना आणि घाटावरच्या फुलवाल्या मावशींना शिकवणे आपल्याला नक्की जमण्यासारखे आहे. त्यासाठी रुग्णवाहिकेवर काम करणारे एखादे डॉक्टर आणि मागच्या सिंहस्थात बंदोबस्त केलेले एखादे निवृत्त पोलीस अधिकारी, अशा दोघांना एकाच सभेत बोलवावे, सत्कार दोन मिनिटांत आटोपावा आणि उरलेला सगळा वेळ सराव व प्रश्नांसाठी ठेवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे लेखी मांडली आहे.