नागपूर ते मुंबई दीड तास, आणि मग शेवटचे पाच किलोमीटर

नागपूर-मुंबई हवाई अंतर साधारण 685 किलोमीटर. समृद्धीने 701 आणि रेल्वेने 837. तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ असते, पण चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंत तास-सव्वा तासच जातो. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात जातो. हिवाळ्यात वर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, त्यामुळे मुंबईकडे येताना दहाएक मिनिटं जास्त धरा.

इथवर काही त्रास नाही. माझा राग आहे तो पुढच्या परदेशी विमानासाठी वेगळं तिकीट काढणाऱ्यांना "दोन विमानांत तीन तासांचं अंतर पुरे" असं सर्रास सांगितलं जातं त्यावर. ते पुरत नाही. दोन तिकिटांचे पीएनआर, म्हणजे आरक्षण क्रमांक, वेगळे असले की बॅग बहुतेक वेळा मुंबईत उतरवून घ्यावी लागते. पट्ट्यावर ती यायला 20 ते 30 मिनिटं. नागपूरचं विमान टर्मिनल 1 ला उतरलं, तर परदेशी विमानासाठी टर्मिनल 2 ला जायचं. रस्त्याने पाचेक किलोमीटर, पण संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर गाडी अडकली की अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग दारावर तिकीट-पासपोर्ट तपासणीची रांग. म्हणजे विमान वेळेवर उतरलं तरी चेक-इन काउंटरपाशी पोचायला सव्वा ते दीड तास.

बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. तीन तासांतून हे वजा करा, हाती अर्धा-पाऊण तास राहतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमान वरच घिरट्या घालतं आणि उरलेला वेळही संपतो. काउंटर बंद झालं की वेगळ्या तिकिटावर पुढची कंपनी तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवायला बांधील नसते. मी सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवत नाही, आणि पावसाळ्यात आदल्या दिवशीचं विमान घेतो. दोन-तीन हजार जास्त पडले तरी एकाच पीएनआरवर काढा. बॅगेला बहुधा नागपूरलाच शेवटच्या शहराचा टॅग लागतो. तो वाचून खात्री करा.

टर्मिनल बदलायला आता भुयारी मेट्रो 3 आहे. टर्मिनल 1 वरून सहार रोड, त्यापुढचं स्टेशन टर्मिनल 2. ती रात्रभर चालत नाही, आणि परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात.

हो, पॉवर बँक नागपूरलाच हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत सापडली की बॅग बाजूला काढतात. आणि तिकिटावरचा कोड बघा: बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. तिथे उतरलात तर टर्मिनल 2 गाठायला अख्खं शहर ओलांडावं लागेल.