पालथे काका

रात्रीचे दीड. चहा झाला, आता वही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकूंनी आज आयसीयूच्या दारातच अडवलं. "बाळ, जंतू आटोक्यात आले म्हणालास ना? मग ह्यांचा ऑक्सिजन का चढत नाही?" न्यूमोनियावरून काका एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं सुजून रक्ताला ऑक्सिजन पुरेनासा होतो त्या अवस्थेत गेले त्याला आज सहावा दिवस. मी गुळमुळीत बोललो, "फुप्फुसाला सूज आहे, काकू." त्यावर त्या म्हणाल्या, "सूज पायाला येते, शेकता तरी येते."

इथे तरी नीट लिहितो. वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायमच्या राखणदार. जंतू दिसला की ते इंटरल्यूकिन-8 हा रासायनिक निरोप सोडून रक्तातल्या न्यूट्रोफिलना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, हाक मारतात. तिथल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद, की न्यूट्रोफिलला एरवीही अंग चोरूनच जावं लागतं. भडका उडाला की तो ताठरतो आणि तिथेच अडकतो. मग इलास्टेज हे प्रथिनं तोडणारं विकर सोडतो, कधी मरता मरता स्वतःच्या डीएनएचं जाळंच फेकतो. हे जाळं 2004 साली कळलं, म्हणजे मी शाळेत असताना! जाळ्यात जंतू सापडतात, पण पातळ भिंतही सोलून निघते आणि रक्तातलं प्रथिनांचं पाणी वायुकोशात शिरतं. जंतू मेले तरी ते तिथेच.

एवढं सगळं नाही, पण पाणी शिरल्याचं काकूंना सांगितलं. त्या लगेच, "म्हणजे आपल्या विश्वामित्री नदीसारखं. पूर ओसरला तरी घरात चिखल." मी मान डोलावली. खोलीवर येताना मात्र खटकलं. नदी बाहेरची, इथे पाणीही काकांचं आणि भिंत फोडणारेही त्यांचेच.

आणि चिखल उपसणार कोण? पुन्हा मॅक्रोफेजच. मेलेले न्यूट्रोफिल तेच गिळतात. म्हणून 'सगळ्यांना गप्प करा' हे औषध मला कधीच पटलेलं नाही. 2020 मध्ये डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवरचे कोविडचे रुग्ण वाचले हे खरं, पण सूज दाबणारी कितीतरी औषधं एआरडीएसमध्ये आपटलीच आहेत.

तोवर आमच्या हाती काय, तर फुप्फुसाला आणखी न दुखावणं. काका 92 किलोचे, पण व्हेंटिलेटरचा एकेक श्वास मोजायचा उंचीवरून: 370 मिली, बस्स. आणि दिवसाचे सोळा तास पालथं. पालथं घातलंय ऐकून काकू आज पहिल्यांदा हसल्या. "पालथं पडायला लागले का? नातूसुद्धा परवाच पडला."

पी-एफ रेशो, म्हणजे दिलेल्या ऑक्सिजनच्या मानाने रक्तात किती पोचला (जितका जास्त तितका बरा), काल 112, आज 138. सहाला पुन्हा एबीजी, रक्तातल्या वायूंची तपासणी.