मन केले ग्वाही

‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ हा तुकोबांचा चरण मी शाळेत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत आवाज चढवून म्हटला होता. चार लोकांना न जुमानता स्वतःला पटेल तेच खरे मानावे, एवढाच त्याचा अर्थ मला तेव्हा ठाऊक होता, आणि चौदा-पंधराव्या वर्षी तो फारच सोयीचा होता. हा चरण ज्या अभंगातला आहे, तो ‘याती शूद्र वंश केला वेवसाव’ हा आत्मचरित्रपर अभंग मी सबंध वाचला तो पुष्कळ वर्षांनी. त्यानंतर तो चरण पूर्वीसारखा ठणकावून म्हणणे मला जमलेले नाही.

याचे कारण त्या अभंगातल्या क्रमात आहे. आधी संसाराची वाताहत येते: आईबाप गेले, दुष्काळाने द्रव्य आटले आणि मान नेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, व्यवसायात तूट आली. 1630-31 च्या दख्खनच्या दुष्काळाचे इतके थोडक्या शब्दांतले आणि इतके जवळून केलेले वर्णन मी तरी दुसरे वाचलेले नाही. मग भंगलेले देऊळ दुरुस्त करण्याचे मनात येते, एकादशीचे कीर्तन सुरू होते, आणि तिथे तुकोबा सरळ सांगून टाकतात की आधी अभ्यासात चित्त नव्हते. म्हणून त्यांनी काय केले? ‘काही पाठ केली संतांची उत्तरे, विश्वासे आदरे करोनिया.’ आणि लगेच पुढे, ‘गाती पुढे त्यांचे धरावे धृपद.’

वारकरी कीर्तन ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र लगेच उभे राहील. कीर्तनकार पुढे असतो, मागे टाळकरी ओळीने उभे असतात, आणि पुढच्याने चरण सोडला की त्यांनी धृपद उचलायचे असते. त्यातला शब्द त्यांचा नसतो, चालही त्यांची नसते; त्यांनी फक्त कान उघडे ठेवायचे आणि सूर पडू द्यायचा नाही. मराठीतला एवढा मोठा कवी आपल्या शिक्षणाचा हिशेब देताना या मागच्या रांगेतल्या जागेचा उल्लेख करतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पाठांतराला आपण हल्ली सरसकट ‘घोकंपट्टी’ म्हणून मोडीत काढतो आणि मीही ते केलेले आहे, पण विश्वासाने आणि आदराने केलेले पाठांतर ही वेगळीच गोष्ट असावी. त्यात दुसऱ्याचे वाक्य आपल्या तोंडात इतके दिवस राहते, की आपल्या बोलण्यातला खोटेपणा आपल्यालाच ऐकू येऊ लागतो.

मनाला ग्वाही करण्याची गोष्ट या सगळ्यानंतर येते. ‘ग्वाही’ हा फारसीतून आलेला, कचेरीच्या व्यवहारातला शब्द. त्याचा अर्थ साक्ष किंवा साक्षीदार. देहूच्या वाणी घराण्यातल्या, देण्याघेण्याची कागदपत्रे पाहिलेल्या माणसाने तो सहज वापरला असेल, असे म्हणून मी पूर्वी पुढे जात असे. आता मात्र तिथेच अडखळतो, कारण तुकोबांनी मनाला न्यायाधीश केलेले नाही, साक्षीदार केले आहे. न्यायाधीशाने निकाल दिला की त्याचे काम संपते, पण साक्षीदाराला जे पाहिले तेच सांगावे लागते आणि उलटतपासणीलाही उभे राहावे लागते. माझ्या भाषणातले मन निकाल देऊन मोकळे झाले होते.

मौनाचा प्रश्न याहून अवघड आहे. 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तुकोबांच्याच ओळी घेतल्या: ‘काय करू आता धरुनिया भीड, निःशंक हे तोंड वाजविले. नव्हे जगी कोणी मुकियांचा जाण, सार्थक लाजोन नव्हे हित.’ भिडेपोटी गप्प बसणाऱ्याचे जगात कोणी ऐकत नाही, हे इतक्या रोखठोकपणे सांगणारा हाच कवी स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की मात्र ‘नये बोलो, परि पाळिले वचन’ म्हणून संकोचतो: बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो. वह्या बुडवल्याचा प्रसंगही तो एका ओळीत आटोपतो: ‘बुडविल्या वह्या बैसलो धरणे, केले नारायणे समाधान.’ लोकांनी ज्या घटनेवर चित्रे काढली, कीर्तने रंगवली, तिच्यातला चमत्कार इथे जवळजवळ नाहीच. कोणी बुडवायला लावल्या त्याचे नाव नाही, राग नाही, ‘निषेधाचा काही पडिला आघात’ आणि चित्त दुखावले, एवढेच. मग ‘विस्तारी सांगता बहुत प्रकार, होईल उशीर आता पुरे.’

अन्यायाविरुद्ध तोंड वाजवायचे आणि स्वतःच्या मोठेपणापाशी येताच ‘आता पुरे’ म्हणायचे, या दोहोंतली सीमारेषा तुकोबांना दिसत होती. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा हे नेमके उलटे घडते. कार्यालयातल्या बैठकीत एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्यावर उगाच ठपका ठेवला जात असताना मी फाइलमध्ये डोके घालून बसलेलो आहे, आणि त्याच संध्याकाळी घरी जेवताना माझ्या कामाची वाखाणणी मी मुद्देसूद, न थांबता करून दाखवलेली आहे. त्या दोन्ही वेळी मन हजर होते. त्याला कोणी साक्षीला बोलावले नव्हते, एवढेच.